प्लायची शीट आठ फुटी, मग हौदा किती फुटी हवा?

भांडुपला आमचा फर्निचरचा छोटा गाळा आहे. मी आणि दादा मिळून चालवतो, तो लाकूड आणि कारागीर बघतो, मी खरेदी, हिशोब आणि साइट. इतकी वर्षं सगळी ने-आण भाड्याच्या टेम्पोवर चालली, आता स्वतःची गाडी घेतोय. त्या निमित्ताने जेवढं वाचलं, टेप लावून मोजलं, बॉडी बनवणाऱ्यांना आणि गॅरेजवाल्यांना विचारलं ते सगळं इथे लिहून ठेवते, कारण मराठीत शोधायला गेलं की ॲव्हरेज किती देते, ईएमआय किती बसतो, रीसेल कशी आहे एवढंच मिळतं, हौद्याबद्दल, म्हणजे गाडीच्या मागच्या माल ठेवायच्या भागाबद्दल, कोणी धड बोलत नाही. आणि माझं ठाम मत आहे की लाकूडकाम करणाऱ्या माणसाने गाडी घेताना आधी हौदा बघायचा, मग वजन, मग आपल्या गल्ल्या, आणि इंजिन-बिंजिन सगळ्यात शेवटी. कंपनी कुठलीही असो, हौदा सहा इंच कमी पडला तर ते सहा इंच पुढची दहा वर्षं रोज कमीच पडणार.

आधी ट्रेलरबद्दल, कारण आमच्याकडे खरी चर्चा तिथूनच सुरू झाली. आमचा आत्तेभाऊ अमेरिकेत असतो, टेक्सासमध्ये, त्याला घरी लाकूडकामाचा नाद आहे आणि त्याच्याकडे गाडीच्या मागे लावायचा उघडा युटिलिटी ट्रेलर आहे. त्याचे व्हिडिओ बघून दादा म्हणाला की आपल्याकडे एसयूव्ही आहेच, मागे असा एक ट्रेलर जोडला की झालं, दुसरं इंजिन नको, दुसरा मेंटेनन्स नको, काम नसेल तेव्हा गाळ्याच्या भिंतीला उभा करून ठेवायचा. विचार वाईट नाहीये अजिबात. तिकडे लोक घर बांधायचं लाकूड, गवत कापायचं मशीन, छोटा ट्रॅक्टर सगळं असंच नेतात. पाच बाय आठ, सहा बाय बारा, सात बाय चौदा फूट असे त्याचे ठरलेले साइज असतात, म्हणजे आठ बाय चारची शीट सगळ्यात छोट्या ट्रेलरमध्ये पण आडवी सपाट बसते. एका ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या एकाच दांड्याचे, ट्रेलर साधारण ३,५०० पौंडाच्या ॲक्सलवर असतात, म्हणजे जवळपास १,५९० किलो, पण बऱ्याच ट्रेलरवर एकूण वजनाची मर्यादा २,९९० पौंड लिहिलेली असते. मला प्रश्न पडला की हा असा विचित्र आकडा का, तर तिथल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडाच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावावे लागतात, म्हणून कंपन्या जरा खालीच थांबतात. आणि त्या २,९९० मध्ये ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं बरं का. सहा बाय बाराचा लोखंडी ट्रेलर रिकामाच साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, मग मालाला उरतात नऊशे किलो. हे गणित पुढे आपल्या गाड्यांनाही लागू आहे म्हणून इतकं सविस्तर सांगतेय.

ट्रेलरची अजून एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे हुकवर येणारं वजन. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे हुकच्या गोळ्यावर आलं पाहिजे असा नियम तिकडे सगळे पाळतात. त्यासाठी जड माल ॲक्सलच्या थोडा पुढे ठेवायचा, साधारण ६० टक्के पुढे आणि ४० टक्के मागे. मागे जास्त झालं की हुकवरचं वजन कमी होतं आणि मग हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतं. आत्तेभाऊ म्हणाला, "ताई, लाकूड भरणं सोपं आहे, ते कुठे ठेवायचं हे शिकायला वेळ लागतो." त्याच्याकडे लाकडाचे दांडे सोळा-सोळा फुटाचे मिळतात, त्यामुळे मागे किती बाहेर जाऊ द्यायचं आणि वजन कसं वाटायचं हे त्याला दर वेळी बघावंच लागतं.

पण हे इथे मुंबईत? मी महिनाभर डोक्यात घोळवलं आणि शेवटी दादाला नाही म्हटलं. पहिलं कारण कागदाचं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन धरलं जातं, त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि तो मान्यताप्राप्त मॉडेलचाच हवा, कोणाकडून तरी वेल्डिंग करून घेतलेला चालत नाही. दुसरं म्हणजे आपल्या गाडीने किती ओढायचं हे कोण सांगणार? मी चाळलेल्या मॅन्युअलांमध्ये एक तर ओढण्याची क्षमता दिलेलीच नव्हती, नाहीतर ओढू नका असं लिहिलं होतं. तिकडे तो आकडा प्रत्येक गाडीला छापलेला असतो, त्यावरूनच ट्रेलर निवडतात. तो आकडाच नसेल तर आपण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक सगळं अंदाजावर सोडणार, आणि घाटकोपरच्या उड्डाणपुलावर भर ट्रॅफिकमध्ये, चढावर, मागे आठशे किलो लटकलेले असताना मला अंदाज नकोय.

आणि तिसरं कारण आमच्या गल्लीचं. गाळ्याच्या तोंडाशी गाडी वळवायला जागा नाही, रिव्हर्सच घ्यावी लागते, एका बाजूला पत्र्याच्या दुकानाचा माल आणि दुसऱ्या बाजूला बाइक लावलेल्या. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि जितका ट्रेलर छोटा तितका तो पटकन दुमडतो. शिकता येतं, नाही असं नाही. पण साइटवर सोसायटीच्या गेटमधून, वॉचमन शिट्ट्या मारतोय, मागे स्कूल बस उभी आहे, अशा वेळी ते रोज करायचं म्हणजे ड्रायव्हरवर अन्याय आहे. ज्यांचं काम पालघर, शहापूर, कर्जतकडे आहे, फार्महाउसचं काम करतात, अंगणात गाडी वळते, त्यांनी ट्रेलरचा विचार जरूर करावा असं मला अजूनही वाटतं, फक्त मान्यतेचा कागद आणि गाडीचा ओढण्याचा आकडा दोन्ही हातात घेऊनच.

तर ट्रेलर गेला, आणि मग उरली चारचाकी मालगाडी. इथे मी शोरूममध्ये जायच्या आधी एक काम केलं, आमच्याकडे नेहमी जे जे हलतं त्याची मापं वहीत काढली. प्लाय, एमडीएफ, लॅमिनेट हे सगळं आठ बाय चार, म्हणजे २,४४० बाय १,२२० मिलिमीटर. दरवाजाच्या चौकटी साधारण सात फूट. सागवान, मरांटी, पाइन हे सात, आठ, दहा, बारा फुटात येतं. फॉल्स सीलिंगची चॅनेल बारा फूट. लोखंडी पाइप सहा मीटर, म्हणजे जवळपास वीस फूट. तयार वॉर्डरोबचे खोके सात फूट उंच, दोन फूट खोल, वजनाला बरे पण जागा खाणारे. आणि मशीन, म्हणजे टेबल सॉ, रंधा मशीन, कॉम्प्रेसर, हे आकाराने छोटे पण एका जागी जड. ही यादी समोर ठेवली की लगेच कळतं की एकच गाडी सगळ्याला पुरणार नाही, आणि पुरवायचा हट्ट पण करू नये. वीस फुटी पाइप आम्ही दुकानातच मधून कापून घेतो, डिझाइनमध्ये जॉइंट कुठे येणार ते आधी ठरवून. बारा फुटी मालासाठी चौदा फुटी आयशर ट्रक भाड्याने, एका प्रोजेक्टला एकदाच, सगळा लांब माल एकत्र मागवून. उरला रोजचा माल, आणि रोजच्या मालाचा राजा म्हणजे आठ बाय चारची शीट.

आता हौदे बघा. टाटा एस, आपला छोटा हाथी, २००५ मध्ये आला आणि मुंबईतल्या गल्ल्यांचं वाहतुकीचं चित्रच त्याने बदललं, माझं त्या गाडीवर खरंच प्रेम आहे. पण एस गोल्डचा हौदा २,२०० मिलिमीटर लांब, म्हणजे सव्वासात फुटाला थोडा कमी. शीट २,४४०. म्हणजे फाळका, हौद्याचं मागचं झापड, उघडा ठेवावा लागतो आणि जवळपास साडेनऊ इंच शीट बाहेर. मारुती सुपर कॅरीचा हौदा २,१८३, तीच गत. रुंदीचा प्रश्न दोन्हीत नाही, दीड मीटरच्या आसपास आहे, लांबीचाच आहे. तुम्ही म्हणाल साडेनऊ इंचाने काय होतं, अर्धी मुंबई तशीच प्लाय नेते. होतं असं की शीटचं टोक हवेत असतं, प्रत्येक स्पीडब्रेकरला आणि खड्ड्याला ते वर-खाली हलतं, खालच्या दोन-तीन शीटच्या कडा फाळक्यावर घासून फुटतात, लॅमिनेट असेल तर कोपरा गेलाच, आणि मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या छातीच्या उंचीला ती धार असते. मला ह्या शेवटच्या गोष्टीचा फार त्रास होतो. एलबीएस रोडवर संध्याकाळी अंधारात असा टेम्पो पुढे असला की मी माझी स्कूटर मुद्दाम बाजूला घेते.

सव्वीसशे मिलिमीटरच्या पुढचा हौदा हवा हे मग पक्कं झालं, कारण शीट सपाट झोपून फाळका बंद झाला पाहिजे आणि मागे थोडी फट राहिली पाहिजे, पट्टे आणि लाकडी ठोकळे लावायला. ह्यात टाटा इन्ट्रा व्ही ३० बसते, तिचा हौदा २,६९० बाय १,६२० मिलिमीटर आणि माल १,३०० किलो. अशोक लेलँड दोस्तचा हौदा अडीच मीटर लांब, शीट आत जाते पण अगदी मोजून-मापून, दोस्त २०११ पासून रस्त्यावर आहे आणि तिच्याबद्दल वाईट बोलणारा ड्रायव्हर मला भेटला नाही. महिंद्रा बोलेरो पिकअप तर त्याहून मोठी, नऊ फुटी हौदा आणि १,७०० किलोपर्यंत माल, लांब पल्ल्याला आणि खराब रस्त्याला तीच उत्तम. आणि हो, कोणी हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या चार दरवाजांच्या गाड्या सुचवेल, दिसायला जबरदस्त आहेत, पण मागचा हौदा पाच फुटांच्या आसपास आणि चाकांच्या कमानी आत आलेल्या, म्हणजे प्लाय सपाट झोपतच नाही. इथल्या मिनी ट्रकचं मोठं सुख हे की हौदा चाकांच्या वर असतो, तळ सरळ सपाट, कमानी मध्ये येत नाहीत.

इन्ट्राच्या मापात एक छान गोष्ट सापडली. हौद्याचा कर्ण काढला, २,६९० आणि १,६२० चा, तर येतो ३,१४० मिलिमीटर. दहा फूट म्हणजे ३,०४८. म्हणजे दहा फुटी रिपांचा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा, बारीक गठ्ठा तिरका ठेवला तर फाळका लावून आत बसतो. शाळेतलं पायथागोरस इतक्या वर्षांनी कामाला आलं म्हणून दादा खूष, त्याने गाळ्याच्या जमिनीवर खडूने पूर्ण हौदा आखला आणि त्यात खरी शीट, खऱ्या रिपा, कॉम्प्रेसर सगळं मांडून बघितलं. हे प्रत्येकाने करावं. ब्रोशरमधल्या आकड्याने जे कळत नाही ते खडूच्या रेषेत उभं राहिलं की कळतं, कॉम्प्रेसर कुठे ठेवला की शीट काढताना आड येतो, माणूस चढून वाकायला जागा राहते का, सगळं.

आता वजन, आणि इथे जरा नीट बघा. १८ एमएमची आठ बाय चार प्लाय साधारण ३२ ते ३७ किलो भरते, आतलं लाकूड आणि ग्रेड काय आहे त्यावर. मी ३५ धरते. १८ एमएमचा एमडीएफ चाळीसच्या घरात. म्हणजे वीस शीट झाल्या की ७०० किलो. एसची क्षमता ७५० किलोच्या आसपास, म्हणजे वीस शीट ठेवल्या की गाडी भरली, अजून मशीन नाही, खिळे-फेविकॉल नाही आणि केबिनमधला माणूस नाही. पण डोळ्याला वीस शीट म्हणजे केवढ्या दिसतात? ३६० मिलिमीटरचा थर, गुडघ्याच्याही खाली. हौदा रिकामाच वाटतो, म्हणून दुकानात हमाल म्हणतो अजून दहा टाका, आणि आपण टाकतो. लाकडाचंही तसंच. वाळलेला सागवान घनफुटाला १८-१९ किलो, सालाचं लाकूड २४-२५ किलो, पाइन १४-१५. तीस घनफूट साल म्हणजे साडेसातशे किलो आणि तेवढाच पाइन म्हणजे साडेचारशेच्या आत, दिसायला ढीग सारखाच. ओलं असेल तर अजून जास्त. भायखळा-रे रोडकडच्या मुस्तफा बाजारात नुकतं कापलेलं लाकूड घेतलं तर मी नेहमी सुक्याच्या हिशोबापेक्षा बरंच जास्त वजन धरते, पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि इथेच तयार फर्निचर उलटं वागतं. वॉर्डरोबचे खोके, किचनच्या ट्रॉल्यांचे सांगाडे ह्यांनी हौदा काठोकाठ भरतो आणि काटा चारशे-पाचशे किलोच्या पुढे जात नाही. म्हणून लाकडाला लागते क्षमता आणि फर्निचरला लागते जागा, आणि आपलं काम जास्त कुठलं आहे ते ज्याचं त्याने बघावं. मोठ्या प्रोजेक्टची प्लाय तर व्यापारी थेट साइटवर पोचवतोच, टूबीएचकेला चाळीस-पन्नास शीट लागल्या तर ते दीड टनाच्या आसपास जातं, ते आपल्या गाडीने आणायचं कारणच नाही. आमचं खरं काम गाळ्यातून साइटवर तयार माल, साइटवरून साइटवर मशीन, आणि निवडून घेतलेलं लाकूड.

जास्त भरलं तर काय, असं बरेच जण विचारतात, गॅरेजमध्ये मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवून घेतला की गाडी बसत नाही असंही सांगतात. पाटा वाढवल्याने गाडी मागे झुकत नाही एवढंच, ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच आणि आरसीवरचा आकडा पण तोच. मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं, आणि पावसात ओल्या उतारावर ब्रेक मारला की गाडी आपल्याला पाहिजे तिथे थांबत नाही. कायदाही बदललाय, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च आपला. माल हौद्याच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपये दंड आहे. एका दंडात कितीतरी वेळा आयशर भाड्याने आली असती.

कागदपत्रात अजून एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा, ३,००० किलो. गाडीचं भरून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर त्या मालगाडीला परमिट लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. एस, सुपर कॅरी, इन्ट्रा व्ही ३० ह्या आत येतात, बोलेरो पिकअपचं १,७०० किलोचं मॉडेल त्याच्या वर जातं, म्हणजे परमिट आलं. परमिट काढणं काही कठीण नाही पण छोट्या धंद्यात प्रत्येक कागद म्हणजे एक फेरी. फिटनेस सर्टिफिकेट मात्र सगळ्यांनाच, नवीन गाडीला दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी. लायसनचा प्रश्न दादाला पडला होता, त्याचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, आहे, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे ड्रायव्हर नसेल त्या दिवशी दादा स्वतः घेऊन जाऊ शकतो, ही आमच्यासाठी फार मोठी सोय आहे.

इंधनाचं थोडक्यात. सीएनजी स्वस्त पडतं हे खरं, पण सिलिंडरचं वजन मालातून जातं, सुपर कॅरीची पेट्रोलवर क्षमता ७४० किलो आणि सीएनजीवर ६२५, म्हणजे तीन-चार शीट कमी. आणि पंपावरची रांग तुम्हाला माहीतच आहे. इलेक्ट्रिकमध्ये एस ईव्ही २०२२ मध्ये आली, ६०० किलो माल आणि कागदावर १५४ किलोमीटर, मुंबईच्या आत दिवसभर फिरायला भरपूर, ज्यांच्या गाळ्यात रात्री चार्जिंगची सोय आहे त्यांनी नक्की बघावी, आमच्या हौद्याच्या मापात बसत नाही म्हणून सोडली. डिझेलच घेतोय.

गल्लीचं माप पण टेपनेच घ्या. एसचा वळायचा रेडियस ४.३ मीटर आहे, इन्ट्रा व्ही ३० चा ५.२५. कागदावर एक मीटरचा फरक, पण चाळीच्या कोपऱ्यावर तोच एक मीटर म्हणजे एका झटक्यात वळणं आणि तीनदा मागे-पुढे करणं ह्यातला फरक. ज्यांचं काम गिरगाव, परळच्या जुन्या चाळींमध्ये जास्त आहे त्यांना मी अजूनही एसच सांगेन, शीट गाळ्यातच मापाप्रमाणे कापून न्यायच्या, प्रश्नच संपला. नवीन टॉवरमध्ये वेगळी गंमत, पोडियमच्या, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या, तोंडाला उंचीची आडवी पट्टी असते, गाडी जाते पण हौद्यात उभा ठेवलेला वॉर्डरोब जात नाही. आमच्या सध्याच्या दोन्ही साइटच्या पट्ट्या मी मोजून वहीत लिहिल्यात.

आता मला सगळ्यात जवळचा विषय, माल बांधणं आणि माणसं. प्लाय जड असते म्हणून ती हलत नाही असा सगळ्यांचा समज आहे. लॅमिनेट लावलेली शीट एकमेकींवरून सुळकन सरकते, वर प्लास्टिकची फिल्म असेल तर बोलायलाच नको. युरोपात माल बांधायचा जो स्टँडर्ड आहे त्यात धरलंय की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढे येतो आणि वळणावर ५० टक्के बाजूला. आपल्या वीस शीट, ७०० किलो, म्हणजे ५६० किलोचा धक्का ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर. म्हणून शीट पुढच्या जाळीला घट्ट टेकवूनच ठेवायच्या, मध्ये फट सोडायची नाही, थराखाली आणि मध्ये-मध्ये रबरी मॅटचे तुकडे, आणि दोराऐवजी रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे. काथ्याचा दोर पावसात भिजला आणि वाळला की सैल होतो, पट्टा रस्त्यात थांबून दोन दात आवळता येतो. कडांना पुठ्ठ्याचे कोपरे, नाहीतर पट्टाच कड दाबून खराब करतो. मशीन मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे, चाकं असलेला कॉम्प्रेसर ठोकळे मारून आणि दोन बाजूंनी बांधून. ताडपत्री वरून घालताना पुढची कड आधी बांधायची, नाहीतर हायवेवर वारा आत शिरून ती फुग्यासारखी होते आणि एमडीएफवर पाणी गेलं की कड फुगते, ती परत कधीच बसत नाही.

आणि माणसं हौद्यात बसवू नका. मला माहितेय सगळे बसवतात, कारागीर स्वतःच चढून बसतात, ताई आम्ही धरून बसतो ना म्हणतात. पण सातशे किलो सरकलं तर धरून बसलेल्या माणसाचं काय होईल त्याचा विचार करा. पिकअपचे अपघात वाचले की... जाऊ दे, त्यात शिरत नाही. इन्शुरन्सचं तर सरळ आहे, मालगाडीत नुसता बसलेला प्रवासी थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. आमच्याकडे नियम केलाय, केबिनमध्ये सीट आहेत तेवढीच माणसं गाडीतून, बाकीच्यांचं लोकलचं आणि रिक्षाचं भाडं गाळ्याकडून, आणि ते मी गाडीच्या खर्चातच धरलंय, वेगळं नाही. घरी त्यांची मुलं वाट बघत असतात.

स्वतःची घ्यावी की भाड्यानेच चालवावं, हे ठरवायला मी टेम्पोची जुनी बिलं काढली आणि त्यासमोर हप्ता, इन्शुरन्स, डिझेल, फिटनेस, पार्किंग आणि ड्रायव्हरचा पगार मांडला. नुसता हप्ता मांडून तुलना करू नका, मुंबईत सगळ्यात महाग दोनच गोष्टी, ड्रायव्हर आणि रात्री गाडी उभी करायची जागा. आमची जागा इंडस्ट्रियल इस्टेटच्या आवारात मिळाली म्हणून गणित बसलं, नसती मिळाली तर मी अजून एक-दोन वर्षं भाड्यानेच काढली असती. आठवड्याला एक-दोनच फेऱ्या होत असतील तर भाड्याचंच बरं पडतं, ॲपवर पण आता हौद्याची लांबी बघून टेम्पो मागवता येतो.

तर इन्ट्रा व्ही ३० बुक झालीये. आता वाद चाललाय तळाच्या पत्र्यावर. बॉडीवाला म्हणतोय हौद्यात तीन एमएमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा, टाका, आयुष्यभर बघायला नको. मी हिशोब केला, हौद्याचं क्षेत्रफळ ४.३६ चौरस मीटर, चेकर प्लेट चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे ११० किलो कायमचे गाडीवर, तीन शीट गेल्या. त्याऐवजी १२ एमएमची वॉटरप्रूफ प्लाय टाकली तर ३५ किलोत काम होतं, खराब झाली तर आपल्याच गाळ्यातली दुसरी, आणि लाकडावर माल घसरतोही कमी. बाजूला जाळी उंच करायचीये खोक्यांसाठी, पण आरसीवरच्या वर्णनात फरक पडेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून आधी वडाळ्याला विचारून येणार आणि तोपर्यंत बॉडीवाल्याला थांबवलंय. गाडी हातात आली की पहिल्यांदा वजनकाट्यावर रिकामी तोलून आणायचीये, प्लाय, पट्टे, जॅक, स्टेपनी सगळं ठेवून, आणि १,३०० मधून खरोखर किती उरले तो आकडा रंगाने केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायचाय, शीटमध्ये, किलोमध्ये नाही, म्हणजे दुकानात भरताना कोणालाच गुणाकार करावा लागणार नाही.